कावळ्यांनी बघून ठेवलेलं तोंड

जमना,

हे पत्र मी सातपाटीला, तुझ्या लेकीच्या सासरी, पाठवते आहे. तू रविवारी नातीला बघायला जातेस तेव्हा दीपाली वाचून दाखवील. तिला आधीच सांगते: यात शिव्या आहेत, त्या सगळ्या तिच्या आईच्या आहेत, आणि एकही गाळायची नाही. एकतीस वर्षं मी शाळेत पोरांना हेच सांगत आले की धडा वाचताना ओळ गाळायची नाही.

खरं तर मी स्वतः येऊन बोलणार होते. आलेही होते. नवापूरच्या नाक्यापासून तुझ्या दारापर्यंत पाच मिनिटांची वाट. त्यातली दोनच मिनिटं चालून झाली. का, ते पुढे येईल. मधलं पुष्कळसं तुला ठाऊकच आहे. एक गोष्ट तेवढी ठाऊक नाही. ती एकदम सांगायला माझी जीभ रेटत नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगते.

तू पहिल्यांदा माझ्या पास्थळच्या दारात टोपली उतरवलीस त्याला बावीस वर्षं झाली.

"बाई, मांदेली घ्या. आत्ताच मेलीत."

मी वाकून बघितलं. म्हटलं, डोळे लाल दिसतात यांचे.

"माझे पन लाल हायत. मी काय शिळी हाय?"

मी घेतली. शिळी नव्हती. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस तू माझ्या पायरीवर. आधी भाव, मग भांडण, मग चहा. बोईसरच्या बाजारात तुझी जागा कोपऱ्यावर, आणि तुझा आवाज दुसऱ्या टोकाच्या भाजीवाल्यांपर्यंत. कंपनीतून सुटलेला एखादा कामगार पापलेट दाबून बघायला लागला की तू त्याच्या हातावर फटका मारायचीस. "ओ शेठ, मच्छी है, टमाटर नहीं. दबाव मत." तो हसला तर गिऱ्हाईक. चिडला तर त्याच्या सात पिढ्या तू तुझ्या अर्ध्यामुर्ध्या हिंदीत बाहेर काढायचीस.

एका सकाळी तू ओठ फाटलेला घेऊन आलीस. मी आयोडीन काढलं. तू म्हणालीस, "माझं ऱ्हाऊ द्या. त्याला बघा जाऊन." तुझ्या बळवंतनं दारू पिऊन थोबाडीत मारली होती आणि तू बर्फ फोडायचा टोचा उचलून त्याच्या मांडीत घातला होतास. सात टाके. त्यानंतर त्यानं तुझ्यावर हात उगारला नाही. मला ते ऐकून बरं वाटलं. शिकलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण वाटलं.

मात्र तुला रडताना मी एकदाच पाहिलं, आणि तेही मारामुळे नव्हे. दीपालीचं लग्न ठरलं त्या दिवशी. तुला आई नव्हती, नऊ वर्षांची असतानाच गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माहेरात चूल पेटवणारंच कुणी नाही, म्हणून तू सासरीच बाळंत झालीस. चौथ्या दिवशी सासूनं तुला मासे वाळवायच्या खळ्यावर उभं केलं. दोन हात वर करून बोंबील अडकवत होतीस आणि पायावरून रक्त वाहत होतं. "वाळूत थेंब पडत व्हते आनि कावले येऊन बघत व्हते, बाई," तू म्हणालीस. "माझ्या पोरीचं पहिलं बाळंतपन माझ्या घरात होनार. दीड महिना तिला पान्यात हात घालू देनार नाय." तू डोळे पुसलेस, आणि लगेच मांदेलीचे दहा रुपये जास्त मागितलेस.

आता तो डिसेंबर.

वर्षाचे सुके बोंबील घ्यायला मी दर हिवाळ्यात तुझ्या खळ्यावर यायची. बांबूच्या माणूसभर उंच चौकटी, दोरीवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं लटकलेले, खाली वाळूवर जुनं जाळं टाकून झाकलेला जवळा. आणि कावळे. कुठलंही खळं कावळ्यांशिवाय नसतं. त्यावर तुमचा उपायही जुना: मेलेला कावळा पाय बांधून काठीला उलटा टांगायचा. बाकीचे कावकाव करतात आणि चार दिवस लांब राहतात. पण त्याला एक पथ्य आहे, ते तुझ्याच तोंडून मी ऐकलं होतं. कावळा आपला आपण मेलेला हवा. विजेच्या तारेला चिकटलेला, गाडीखाली आलेला. आपण मारायचा नाही. मेलेला मिळाला नाही तर काळी प्लास्टिकची पिशवी टांगायची आणि गप्प बसायचं.

तू कुठली गप्प बसायला! त्या सकाळी निम्मी दोरी रिकामी झाली होती. बळवंतला राखणीला बसवलं होतंस, तो झोपला होता. त्याला तू लाथ घालून उठवलंस तोच जवळ्यावरच्या जाळ्यात एक कावळा पायानं अडकलेला दिसला. मी स्टुलावर बसले होते. ओरडले, "जमना, सोड त्याला." तू ऐकलं नाहीस. एक पंख पायाखाली दाबलास, दुसरा डाव्या हातात धरलास आणि उजव्या हातानं मान पिरगळलीस. तीनदा पिरगळलीस, कारण पहिल्या दोन वेळांत तो मेला नाही. तो तुझ्या मनगटाला चोच मारत होता आणि असा ओरडत होता की मी कानावर हात ठेवले. चाळीस-पन्नास कावळे बांबूंवर, छपरांवर, नारळावर येऊन बसले. मग तू जे केलंस ते नवापुरात आजवर कुणी केलं नसेल. मेलेला कावळा दोन्ही हातांनी डोक्यावर धरलास, निवडून आलेल्या सरपंचासारखी चारी दिशांना फिरलीस, आणि ओरडलीस:

"मी जमना! बळवंताची बायको! नीट बघून ठेवा हे थोबाड! परत आलात तर एकेकाची मान अशीच मोडीन, रांडेच्यांनो!"

त्यांनी बघून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तू दार उघडून तांब्या घेऊन बाहेर पडलीस आणि मागून डोक्यात पहिली चोच बसली. अंबाड्याच्या खाली, कवटीवर. मग दुसरी. तू तांब्या फिरवलास, तो तुझ्याच गुडघ्याला लागला. त्या दिवशी तुझ्या डोक्यावर पाच जखमा झाल्या. खळ्यावर तीस बायका काम करतात. कावळे त्यांच्यामधून वाट काढून नेमके तुझ्यावर यायचे. तू साडी बदललीस, त्यांनी ओळखलं. छत्री घेतलीस, ते छत्रीखालून आले. कंपनीतल्या कुणाचं तरी पिवळं हेल्मेट आणलंस, तर कान फोडले. तोंडाला ओढणी गुंडाळलीस तेव्हा मात्र दोन दिवस फसले. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं ओढणी सुटली, आत तू दिसलीस, आणि त्या दिवसापासून ओढणीवालीसुद्धा त्यांच्या यादीत गेली.

भगत झाला, कोंबडा झाला. शेजारणी तुझ्याबरोबर पाण्याला जाईनात. बळवंतला सगळ्यात मजा. "मी पंचवीस वर्षांत जे केलं नाय, ते पाखरांनी करून दाखवलं," तो म्हणायचा, आणि तू त्याच्या अंगावर बोंबलाची पाटी उलटी करायचीस. तूही गप्प नव्हतीस. गलोलीनं दोन पाडलेस, एकाला बांबूनं ठेचलंस. प्रत्येक मेलेल्यामागे दहा नवे साक्षीदार तयार होत होते, हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पावसाळा गेला, पिल्लं उडायला लागली, आणि ज्यांचा तो पहिला खून होताना जन्मही झाला नव्हता तीही आईबापांच्या मागोमाग तुझ्या डोक्यावर यायला लागली.

बोईसरच्या बाजारात मात्र कावळे तुझ्या पायाशी माशांची आतडी खात बसायचे.

"हितले शिकलेले हायत," तू म्हणायचीस.

"इथल्यांना तू तोंड दाखवलेलं नाहीस," मी म्हणाले. तू हसण्यावारी नेलंस.

तुझं हसू थांबलं ते दीपालीमुळे. पाचव्या महिन्यात ती दोन दिवसांसाठी आली. दीपाली म्हणजे तू, वीस वर्षं मागे नेलेली. तेच रुंद कपाळ, त्याच जाड भुवया, तोच पुढे आलेला हट्टी ओठ. लग्नात सगळे म्हणत होते, आईचं तोंड घेऊन आलीय. कावळ्यांनीही तेच म्हटलं. नाक्यावरून घरापर्यंत येईतो तिच्या मानेतून रक्त आलं. तिची सासू बरोबर होती. ती त्याच पावली पोरीला परत घेऊन गेली आणि जाताना म्हणाली, "विहीणबाई, बाळंतपन सातपाटीलाच होईल. तुमच्या हितं माझा नातू कावल्यांना घालायला मी आननार नाय."

दुसऱ्या दिवशी तू माझ्या पायरीवर आलीस. टोपली नव्हती.

"बाई, वाडीत मारायचं औषध हाय ना तुमच्याकडं? उंदरांचं, किड्यांचं, कसलं पन. जवल्यात कालवते आनि टाकते. सगलेच मरू देत."

"आणि तो जवळा कोंबड्या खातील, कुत्री खातील, कुणाचं पोर तोंडात घालील. अक्कल आहे का तुला?"

"मंग काय करू? सांगा ना! शिकलाय ना तुमी? पोरीला माझ्यासारखी चवथ्या दिवशी उभी करतील ते!"

तेव्हा मी तुला तोंडाचं सांगितलं. कावळा साडी बघत नाही, चाल बघत नाही, तोंड बघतो. वर्षानुवर्षं विसरत नाही आणि दुसऱ्यांनाही शिकवतो. परदेशात कुठेतरी लोकांनी मुखवटे घालून हे तपासलंय, मी पेपरात वाचलं होतं. तू म्हणालीस, "पेपरातलं कावल्यांनी वाचलंय का?" मी म्हणाले, चल, करूनच बघू.

स्टेशनरोडवर चारुताचं झेरॉक्सचं दुकान आहे, माझी विद्यार्थिनी. दीपालीच्या लग्नातला तुझा नथ घातलेला फोटो तिनं तोंडाएवढा मोठा करून जाड कागदावर छापला. शाळेतल्या निरोप समारंभातला माझाही छापला. डोळ्यांच्या जागी भोकं मी पाडली, इलास्टिक लावलं, आणि आपण दोघी नवापूरला गेलो. तुझं तोंड मी लावलं, माझं तू.

आमचे नरहरी घरी म्हणालेच होते, "त्र्याहत्तराव्या वर्षी प्रयोग कसले करतेस? काही झालं तर मी सांगणार काय लोकांना?" मी ऐकलं नाही. चष्मा काढावा लागला होता, त्यामुळे मला धड दिसतही नव्हतं. वीस पावलं चालले असेन. आधी एकच ओरडला. मग सगळं आभाळ ओरडायला लागलं. पहिली चोच बसली तेव्हा मला वाटलं, कुणीतरी दगड मारला. दुसरी कानामागे. मी खाली बसले, हातांनी डोकं झाकलं, तर बोटांवर. जमना, बावीस वर्षं तुझ्याकडून मासे घेतले, पण तू म्हणजे काय हे मला त्या दोन मिनिटांत कळलं. तो मुखवटा ओरबाडून काढला आणि उघड्या तोंडानं उभी राहिले, तेव्हा ते गोंधळले. दोन घिरट्या घातल्या आणि निघून गेले.

आणि तू? माझं तोंड लावून, हात मागे बांधून, मी वर्गात फिरते तशी बोंबलांच्या रांगांमधून फिरत होतीस. एकही कावळा तुझ्याकडे बघत नव्हता. मग तुला हसू फुटलं. इतकी हसलीस की वाळूत बसलीस. मी रक्त पुसत होते आणि माझंच तोंड माझ्यासमोर फतकल मारून हसत होतं.

"बाई, तुमचं थोबाड लई गुनाचं हाय!"

माझंच का, असं कुणी विचारील. कारण नवापुरात प्रत्येकानं कधी ना कधी कावळ्याला दगड मारलाय. बळवंतचं सुचवलं होतं मी. तू म्हणालीस, "त्याचं तोंड लावून आरशात बघितलं, तर मीच मला मारीन."

मग माझं तोंड कामाला लागलं. बोंबील वाळत घालू लागलं, पाणी भरू लागलं. बायका तुला "बाई, नमस्ते" करायच्या. तुझ्या डोक्यावरच्या जखमा भरल्या. मी एकच ताकीद दिली होती: उघड्यावर हे काढायचं नाही. आत कोण आहे हे एकदा त्यांनी बघितलं, की ओढणीचं झालं तेच होईल. तू दाराच्या आत जाऊनच काढायचीस. विहीणबाईंनाही तू ते लावून चालून दाखवलंस. त्या म्हणाल्या, बरं, पोरीलाही एक करा, सातव्यात आणून सोडते. एकदा पुन्हा काही झालं, तर मात्र त्याच रिक्षानं परत नेईन.

तू नाचत माझ्याकडे आलीस. "बाई, दोन कॉप्या काढून आना. एक दीपालीला, एक मला. माझी माशाच्या पान्यानं पार लगदा झालीय, इलास्टिकपन सुटत आलंय. आनि त्या प्लास्टिकमधे घालून आना, भिजनार नाय अशा. पुढच्या रविवारी पोर येतेय."

मी म्हटलं, गुरुवारी आणते.

आता ऐक.

बुधवारी सकाळी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तुझं खळं. बळवंत झिंगून तुझ्यापुढे हात जोडून उभा आहे, "गुड मॉर्निंग, बाई, गृहपाठ केला नाय," असं म्हणतोय. आणि मी, माझं तोंड, निरोप समारंभातलं, मोत्यांच्या कुड्या घातलेलं, त्याला बांबूनं पाठीवर, पायांवर, पुन्हा पाठीवर हाणतेय आणि त्याच्या आईचा उद्धार करतेय. खाली लिहिलं होतं, हेमांगी बाई रिटायरमेंटनंतर. एकशे चाळीस जणांनी हसणारी तोंडं टाकली होती. एक माजी मुख्याध्यापकही त्यात होते.

नरहरींनी तीनदा लावून बघितला. "बळवंत सुटला बिचारा," म्हणाले, "मी तर पन्नास वर्षं रोज खातोय."

मला हसू यायला हवं होतं. नाही आलं. आपण शिकलेलो, आपण भेद मानत नाही, मासेवालीला घरच्याच कपात चहा देतो, असं मी स्वतःबद्दल पुष्कळ समजत होते. पण माझं तोंड तुझ्या मानेवर बघून मला शिसारी आली. हे मी तुला गोड करून सांगणार नाही.

गुरुवारी तू आलीस. "आनलंत?"

मी म्हटलं, "चारुताचं रंगीत मशीन बंद आहे."

शनिवारी पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, "अजून बंदच आहे."

मशीन बंद नव्हतं, जमना. मी दुकानात गेलेच नव्हते. हीच ती एक गोष्ट.

रविवारी मी नव्हते. पण बळवंतनं सांगितलं आणि दीपालीनंही. सकाळी रिक्षा नाक्यावर थांबली. तुझ्याकडे तो लगदा झालेला एकच मुखवटा. तो तू दीपालीला बांधलास आणि म्हणालीस, "मी मोकल्या तोंडानं पुढं पलते. सगले माझ्या मागं येतील. तू सावकाश मागनं ये, काय पन झालं तरी ते काढू नको." आणि पळालीस. महिनाभर ते तुला शोधत होते. सगळेच्या सगळे आले. खळ्याच्या मधोमध पोचेपर्यंत तुझं डोकं लाल झालं होतं, बांबूंना धरून चालत होतीस, मग दोरीत पाय अडकून गुडघ्यांवर आलीस.

मागे दीपाली, सातव्या महिन्याची, माझं तोंड लावलेली, तिच्याकडे एकही बघत नव्हता. ती सरळ घरात गेली असती. पण आई खाली पडलेली आणि अंगावर तेवढे कावळे. तिनं "आई!" म्हणून किंकाळी फोडली, मुखवटा ओढून फेकला आणि तुझ्याकडे धावली. वर बसलेल्यांनी बघितलं, खाली दुसरी जमना.

तू तिला धरून जाळ्यांच्या ढिगावर आडवं केलंस आणि वरून ओणवी झालीस, हातांवर, गुडघ्यांवर, पोटाला धक्का न लावता. दोन्ही हात जमिनीवर, म्हणजे तोंड झाकायला काहीच नाही. एक समोरून आला. तू त्याची मान दातांत धरलीस. दीपाली म्हणते, हाड मोडल्याचा आवाज तिनं ऐकला आणि त्याचं रक्त तिच्या कपाळावर पडलं. तेवढ्यात दुसऱ्यानं तुझ्या डाव्या डोळ्यात चोच घातली. तरी तू हात उचलला नाहीस. बळवंत बांबू घेऊन आला, पहिल्यांदाच शुद्धीवर, आणि गरागरा फिरवत त्यानं दोन कावळे आणि बोंबलाच्या तीन चौकटी आडव्या केल्या.

दीपालीला ओरखडाही आला नाही. विहीणबाई रिक्षातून सगळं बघत होत्या. त्याच रिक्षानं तिला परत नेलं.

तुझा डोळा वाचला नाही. मी दवाखान्यात आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. बळवंतनं मला स्टूल दिलं. त्याच्या मनात काही नव्हतं, अगदी साधेपणानं विचारलं त्यानं, "मशीन चालू झालं का हो, बाई?"

तिथे सांगायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाही अजून."

तू मान न वळवता म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या. आनि आनलंत कदी, तर माझ्यात एकच भोक पाडा." आणि हसलीस. एकटीच.

दीपाली मे महिन्यात सातपाटीला बाळंत झाली. मुलगी. बारशाला तू गेलीस, विहीणबाईंनी तुला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. सातपाटीच्या कावळ्यांना तू कोण हे ठाऊक नाही. बळवंत सांगत होता, बारसं आटपल्यावर तू तिथल्या खळ्यांवरून डोकं उघडं टाकून कितीतरी वेळ नुसती फिरत होतीस. पोरीचा फोटो त्यानं मला मोबाइलवर दाखवला. रुंद कपाळ, जाड भुवया. तो म्हणाला, "हिला नवापूरला कशी आनायची, बाई?" मी मोबाइल त्याला परत दिला.

तू माझ्याकडे यायची थांबलीस. एका डोळ्यानं रस्ता ओलांडायचं भय वाटतं, असं बाजारात सांगतेस म्हणे. कदाचित तेच खरं असेल. म्हणून मागच्या मंगळवारी मी निघाले. नाक्यावर उतरले, चष्मा लावलेला, कुड्या घातलेल्या, माझ्या स्वतःच्या तोंडानं. दोन मिनिटं चालले आणि एक ओरडला. ते ओरडणं मी ओळखते. दीपालीनं माझ्या तोंडाखालून तुझं तोंड काढलेलं त्यांनी बघितलं होतं. ओढणीचं झालं तेच. नळावरची एक बाई कळशी टाकून ओरडली, "बाई, पला! तुमी जमना झालात!" पळायचं वय राहिलं नाही माझं. चार चोची खाऊन रिक्षात बसले. चष्म्याची एक काच तिथेच नळाजवळ पडलीय.

परत येताना स्टेशनरोडला उतरले. चारुतानं माझं डोकं पुसलं, पाणी दिलं. मग म्हणाली, "बाई, तुमच्या त्या फोटोच्या दोन कॉप्या काढायच्या होत्या ना? ती जमनामावशी थंडीत सांगून गेली होती, बाई येतील, लॅमिनेशन करून ठेव. फाइल अजून आहे माझ्याकडे. काढू?"

मी विचारलं, "मशीन चालू आहे का?"

तिनं बटण दाबलं, दिवा लागला. "मशीन बंद कधी होतं, बाई?"